घोरणाऱ्याला ऐकू येत नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या गावांत, मलकापूर-नांदुऱ्यापासून शेगावपर्यंत, मे महिन्यात अख्खं घर गच्चीवर झोपतं. एका ओळीत अंथरुणं पडतात आणि कोण किती घोरतं ते शेजारच्या गच्चीलाही कळतं. सकाळी चहाला मग सुरू होतं, "काका, रातभर तुमचं इंजन चालू होतं नं बाप्पा!" सगळे हसतात, काकाही हसतात. विषय तिथंच मिटतो.

खरं तर तो मिटू नये. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. ते ठाऊक असतं फक्त शेजारी झोपलेल्याला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तेवढ्यातून हवा जाताना पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, आवाज वाढतो. कुशीवर वळवलं तर बऱ्याचदा भागतं. चोंदलेलं नाक, वाढलेलं वजन, रात्री घेतलेली दारू यांनीही भर पडते. 'घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय' हा आपला लाडका समज मात्र सोडलेला बरा.

कारण कधी कधी आवाज एकदम थांबतो. दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. शेजारचा म्हणतो, चला, थांबलं एकदाचं! पण तेव्हा श्वासच थांबलेला असतो. रात्रभर हेच चाललं तर आठ तास झोपूनही डोकं जड राहतं, दिवसा डुलक्या येतात, पुढे रक्तदाबही वाढू शकतो. आणि अशी डुलकी गाडी चालवताना लागली तर? मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग जातो. सरळ, एकसारखा रस्ता. त्यावर स्टिअरिंग धरून बसणाऱ्याची रात्र कशी गेली, हे घरात कुणाला तरी माहीत असतंच.

तेव्हा आज चहाला चेष्टा करा हवी तर, पण ऐकलं ते नीट सांगाही. आवाज मध्येच थांबत होता का, दचकून उठले का. मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना उपयोगी पडतं. तोंड उघडं ठेवून रोज घोरणाऱ्या लेकरालाही दाखवून आणा. त्याचे टॉन्सिल तपासून घेतलेले बरे. मोठ्यांकडून पहिलं उत्तर "मी कुठं घोरतो?" असंच येणार. रेकॉर्डिंग तिथंही कामी येतं.