पायातले पाणी

वास्तूची डागडुजी म्हटली की आपले लक्ष भिंतींकडे जाते. पायाकडे सहसा कुणी वळत नाही. इटलीतील वेरोना शहराच्या खुल्या रोमन प्रेक्षागाराचा विचार करताना मात्र आम्हांला पायापासूनच आरंभ करावासा वाटतो.

‘अरेना’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. १११७ च्या भूकंपात तिचे बाहेरचे कडे कोसळले; आज त्यातला चार कमानींचा तुकडा तेवढा उभा आहे. आतल्या पायऱ्यांवर छप्पर नाही. पावसाचे पाणी दगडांच्या सांध्यांतून खाली झिरपते. हे जाणून रोमन गवंड्यांनी वास्तूच्या पोटातच पाणी वाहून नेणारे नाले बांधले. असे नाले गाळाने तुंबले की पाणी चुन्याचे बंध सैल करू लागते. म्हणून सांधे भरणे आणि नाले उपसणे हीच येथली खरी दुरुस्ती. ती प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

१० ऑगस्ट १९१३ रोजी व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त येथे ‘आयदा’ ही संगीतिका झाली आणि उन्हाळी संगीतोत्सवाची परंपरा सुरू झाली. पण याच रिंगणात रोमन काळी माणसे करमणुकीसाठी झुंजवली गेली. १२७८ साली येथेच दीडशेहून अधिक कथारपंथीयांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले. जाळणारे हात ख्रिस्ती होते.

अशा जागेचा पाया सावरावा काय? दगड निर्दोष असतो, असे म्हणून आपल्याला सुटता येईल. पडू द्यावी ती जागा, असेही कुणी म्हणेल. आम्हांला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. वास्तू पडली की मृतांची साक्षही मातीत जाते. आणि दगड सांधून स्मृती बुजवली, तर नाला तुंबलेलाच राहतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाने झालेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली, तेव्हा ख्रिस्तसभेने असाच एक नाला उपसायला घेतला.

१८ मे २०२४ रोजी याच अरेनात पोप फ्रान्सिस यांच्यासमोर आप्त गमावलेले एक इस्रायली व एक पॅलेस्टिनी एकमेकांना बिलगले. त्या मिठीने १२७८ ची राख धुऊन निघाली, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती मिठी जिथे पडली ती जागा कुणीतरी शतकानुशतके सावरून धरली होती.

आपल्या घराण्यांच्या, धर्मग्रामांच्या पायाखालीही जुने पाणी साचलेले असते. ते एकदा उपसून भागत नाही. दर पावसाळ्यापूर्वी खाली उतरून पाहावे लागते.