चोखोबांचा अभंग गावा की गाळावा?

औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ नामदेवरायांच्या कीर्तनासाठी फिरले, ही कथा आमच्या हिंगोलीकडे पोराटोरांना ठाऊक आहे. ती सांगितली की श्रोते डोलतात. पण नामदेवरायांना देवळामागे घालवले कोणी व का, हे सांगताना आमचा आवाज बारीक होतो!

मागे नर्सीस आम्ही चोखोबांचा एक अभंग निरूपणास घेतला. आपल्या वाट्याचा विटाळ हे पूर्वजन्मीचे फळ, असे त्यात चोखोबा म्हणतात. कीर्तन आटोपल्यावर एक तरुण बुक्का लावून घेता घेता म्हणाला, "महाराज, आम्ही मागल्या जन्मी काय केलं होतं, ते तुम्ही पाहिलंत का?" आम्ही निरुत्तर झालो.

असे अभंग गाळावेत, असे कित्येक म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. अभंग गाळला की चोखोबांचे दुःखही गाळले जाते. पाठशाळेत आम्ही विधी व अर्थवाद हा भेद शिकलो. महाद्वाराबाहेर तिष्ठणाऱ्या भक्ताचा आकांत विधी कसा होईल? त्याचा विधी केला आम्हां निरूपणकारांनी. दोष लावायचा तर तेथे लावावा. १९४७ साली पंढरीचे देऊळ सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तेव्हाही चोखोबांचे अभंग फडाफडांतून गायले जात होतेच की.

चोखोबांचेच पुत्र कर्ममेळा. हीन याती का दिली, म्हणून ते देवाला रोखठोक जाब विचारतात. पुढल्या खेपेस आम्ही बापाच्या अभंगाला लेकाचा अभंग जोडून घेतला. टाळकऱ्यांना तो आधी शिकवावा लागला. एकालाही पाठ नव्हता.