साक्ष देणारे हृदय



ऑक्टोबर २०२० मध्ये कैरोच्या दक्षिणेस सक्कारा येथे, विहिरीसारख्या खोल दफनविवरांतून ५९ लाकडी शवपेट्या निघाल्याचे इजिप्त सरकारने जाहीर केले. सुमारे अडीच हजार वर्षे त्या बंदच होत्या. त्यांतील एक सर्वांसमक्ष उघडली, तेव्हा कापडात गुंडाळलेला देह आत तसाच होता. पुढच्याच महिन्यात तेथे आणखी सुमारे शंभर पेट्या सापडल्याचे सांगण्यात आले.

इजिप्तचे नाव निघताच आपल्याला फिरऔन आठवतो. त्याचे शरीर पुढील लोकांसाठी निशाणी ठरेल, हे सूरह यूनुसने सांगितलेच आहे. परंतु ५९ पेट्यांतील हे लोक राजे नव्हते. ते पुरोहित होते, अधिकारी होते. समाजात मान असलेली माणसे होती. म्हणूनच त्यांच्यापासून आपणही बोध घेतला पाहिजे.

प्राचीन इजिप्तमधील एका प्रथेवर विचार करा. देह टिकवताना ते मेंदू काढून टाकीत, पोटातील अवयव वेगळे करीत. हृदय मात्र बहुधा जागेवरच ठेवीत. मृत्यूनंतर न्यायाच्या वेळी हृदयाचे वजन होईल, अशी त्यांची समजूत होती. अनेक मृतांच्या छातीवर शेणकिड्याच्या आकाराचा दगडी ताईत ठेवला जाई. आपल्या विरुद्ध साक्ष देऊ नये, अशी हृदयालाच केलेली विनवणी त्यावर कोरलेली असे.

हिशेब द्यावा लागणार, ही जाणीव त्यांनाही होती. पण साक्षीदारालाच गप्प करता येईल, असे त्यांना वाटले.

पवित्र कुरआनने ही आशा ठेवलेली नाही. सूरह यासीनचा आशय असा की, त्या दिवशी तोंडावर मोहर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील. सूरह शुअरा सांगते की, तेव्हा संपत्ती व संतती कामी येणार नाही. निर्दोष हृदय घेऊन अल्लाहसमोर येणाराच यशस्वी होईल.

आता आपल्या घराकडे पाहू या. बहिणीने वारशातील हिस्सा माफ केला, असे आपण म्हणतो. ती मनापासून राजी होती, की माहेर तुटेल या भीतीने गप्प राहिली? आपले हृदय ते जाणते. पत्नीचा न दिलेला महर, मजुराची थकलेली मजुरी, उसनी घेऊन विसरलेली रक्कम यांचे कागद कदाचित नसतील. साक्षीदार मात्र आपल्याच छातीत आहे. साध्या शुभ्र कफनात ताईताला जागा नाही, आणि कबर कितीही थाटाची बांधली तरी ही साक्ष थांबत नाही.

तौबाचे द्वार अजून उघडे आहे. मात्र माणसांचे हक्क त्यांना परत करणे, अथवा त्यांच्याकडून मोकळ्या मनाने माफी मिळवणे, हा तौबाचाच भाग आहे. ज्याचे देणे आहे तो जिवंत आहे आणि आपणही जिवंत आहोत, तोवर हे काम सोपे आहे. ते उद्यावर टाकू नका.

अल्लाह आपणा सर्वांना निर्दोष हृदयासह त्याच्यासमोर उभे राहण्याचे सौभाग्य देवो. आमीन.