शटडाऊनचा महिना

तळोजा एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शटडाऊन घेत. उत्पादन थांबे, टाक्या रिकाम्या होत, फिटर-वेल्डरांच्या टोळ्या आत येत आणि प्लांटमध्ये दिवसरात्र ग्राइंडरचा आवाज घुमे. ऑफिसच्या इमारतीतल्या जनसंपर्क विभागात मात्र याच दिवसांत सामसूम असे. विभाग म्हणजे एकच मुलगी. पत्रकारितेची पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली. बेलापूरहून मेट्रोने पेंधरला उतरायचं आणि शेअर रिक्षाने कारखाना गाठायचा, हा तिचा रोजचा क्रम.

चार मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन होऊन गेला होता. बॅनर लागले, शपथ झाली, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं वाटून झाली. गृहपत्रिकेचा अंकही छापून आला. पुढचा कार्यक्रम थेट पंधरा ऑगस्टचा. साहेब लोक शटडाऊनमध्ये बुडालेले, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नव्हतं आणि काही सांगतही नव्हतं. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, ही जाणीव तिला आतून खात होती. मग तिने ऑनलाइन अभ्यासक्रम लावले. व्हिडिओ संपादन झालं, समाजमाध्यमांचं झालं, दोन प्रमाणपत्रंही हाती आली. शिकलेलं वाया जात नाही हे खरं. पण बोलायचं कसं हे कळलं तरी बोलायचं काय, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

एके दुपारी पुढच्या अंकासाठी फोटो काढायला ती वर्कशॉपमध्ये गेली. तिथे निवृत्तीला आलेले एक फिटर काका सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून बसले होते. घोट गावचे आगरी गृहस्थ. वर्कशॉपमध्ये त्यांचा शब्द प्रमाण. व्हॉल्व्हची स्प्रिंग त्यांनी कापडावर काढून ठेवली होती आणि बोटाएवढी जागा ते पेस्ट लावून हळूहळू घासत होते. मग सगळं पुन्हा जोडून त्यांनी व्हॉल्व्ह टेस्ट बेंचवर चढवला, दाब वाढवत नेला. ठरलेल्या आकड्यावर काटा पोचताच व्हॉल्व्ह फट्‌दिशी उघडला. काकांनी त्याला तार बांधून शिशाचं सील ठोकलं आणि तारखेची पट्टी लावली.

"वर्षात किती वेळा उघडतो हा?" तिने विचारलं.

"उघडूच नये मॅडम. पण उघडायची वेळ आली आणि हा अडकून बसला, तर टाकी फुटेल. वेळ आल्यावर ह्याची दुरुस्ती करता येत नाही. म्हणून आत्ता."

"आणि उघडला तर बाहेर काय येतं?"

"ह्या टाकीतून? अमोनिया."

"मग बाहेरच्या लोकांनी काय करायचं?"

काकांनी हात पुसले. "ते तुम्ही सांगायचं ना. लोकांशी बोलायचं खातं तुमचं."

ती निरुत्तर झाली. 'सुरक्षा हेच आमचं ब्रीद' हे वाक्य तिने किती वेळा छापलं होतं याला गणती नव्हती. पण टाकीत काय आहे, ते कुठल्या दिशेने जाईल, गावातल्या बाईने त्या वेळी नेमकं काय करावं, यातलं एकही तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हेल्मेट घालून सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. "सर, शटडाऊन संपेपर्यंत मला रोज सकाळचा एक तास द्या." एरवी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. पण बंद प्लांटमध्ये टाकीच्या जवळ जाऊन, पाइपावर हात ठेवून दाखवता येतं, म्हणून तेही खुलले. अमोनियाचा वास धोक्याच्या पातळीच्या बराच आधी नाकाला कळतो, तो पाण्यात झटकन विरघळतो आणि म्हणूनच गळतीवर पाण्याचे फवारे मारतात, हे तिला समजलं. विंडसॉक कसा वाचायचा, वाऱ्याला आडवं का जायचं, धोक्याचा भोंगा कुठला आणि धोका टळल्याचा कुठला, हेही समजलं. अधिकाऱ्यांनी तिला भोपाळची हकिगत पुन्हा एकदा सांगितली. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री भोवतीच्या वस्तीला कारखान्यात काय साठवलंय हे ठाऊक नव्हतं आणि वायू सुटला तर काय करावं हेही कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांबरोबरच आसपासच्या जनतेलाही द्यावी, असं बंधन धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांवर आलं. माहिती देणं हा सौजन्याचा भाग नसून कर्तव्याचा भाग आहे, हे तिला त्या दिवशी नीट उमगलं.

दुपारी ती काकांबरोबर गावात जाऊ लागली. पहिल्या दिवशी कुणी धड बोललं नाही, आणि त्यात नवल नव्हतं. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला. ऑगस्ट २०१७ मध्ये इथली भटकी कुत्री निळी झालेली दिसली, त्यांचे फोटो जगभर गेले, आणि ज्या कारखान्यावर रंग सोडल्याचा ठपका आला तो प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंद केला. कंपनीचं माणूस दारात आलं की लोक आधी त्याच्याकडे संशयाने बघत. ती वाद घालत बसली नाही. ऐकत राहिली, वहीत लिहीत राहिली. एक मासळीवाली मावशी तिला म्हणाली, "तुमचा पुस्तक नको मला. वास आला तं पोरांना घरान ठेवाचा का भायेर न्यावाचा, येवरा सांग."

त्या एका प्रश्नाने तिची भाषाच बदलली. तिने सुरक्षेचं चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि एका पानावर पाच वाक्यं लिहिली. पोरांना घरात घ्या. दारं-खिडक्या लावा. नाकाला ओलं फडकं धरा. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवे चाला. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत बाहेर येऊ नका. सुरक्षा अधिकाऱ्यांनी ती तपासली, काकांनी ती गावच्या कानाला पटतील अशी करून दिली. ते पान गावात वाटता वाटता अंगणवाडी, शाळा, आशाताई, रिक्षा स्टँड, मासळीवाल्या मावशी अशा सगळ्यांचे फोन नंबर तिच्या वहीत आले. शटडाऊन संपला. प्लांट सुरू झाला.

भर पावसाळ्यात एका संध्याकाळी अमोनियाच्या लाइनवरचं एक गॅस्केट गेलं. पाळीच्या माणसांनी व्हॉल्व्ह बंद केले, फवारे सुरू केले. पण वास कुंपणाबाहेर गेला होता, आणि वासाच्या पुढे व्हॉट्सॲप. 'टाकी फुटली, पळा' असे संदेश फिरू लागले. साहेबांनी तिला बोलावून मजकूर सांगितला, "किरकोळ तांत्रिक बिघाड. परिस्थिती नियंत्रणात."

"सर, वास लोकांच्या नाकापर्यंत पोचलाय," ती म्हणाली. "अमोनियाचं नाव आपण घेतलं नाही, तर लोक दुसरंच काही नाव देतील आणि पावसात पोरं घेऊन रस्त्यावर येतील. वारा गावाकडे आहे. त्यांनी घरातच थांबायला हवं. हे आपणच सांगूया."

साहेबांनी सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने संदेश पाठवला: अमोनियाची गळती झाली आहे, ती थांबवण्याचं काम चालू आहे, आपली पाच वाक्यं लक्षात ठेवा. मग एकेक फोन लावत गेली. मावशींनी आख्खी आळी घरात घेतली. शाळेच्या बाईंनी शिकवणीची मुलं वर्गातच ठेवली. धोका टळल्याचा भोंगा झाला तेव्हा गावात एकही चेंगराचेंगरी झालेली नव्हती. रात्री पत्रकारांचे फोन आले. जे ठाऊक होतं ते तिने स्पष्ट सांगितलं. जे अजून तपासायचं होतं त्याबद्दल 'तपासून कळवते' एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खरोखर कळवलं.

गावकरी सकाळी गेटवर आलेच, आणि रागातच आले. गॅस्केट गेलंच कसं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. नुसत्या शब्दांनी त्याचं उत्तर देता येणार नव्हतं. कंपनीने दुरुस्तीचा सगळा तपशील त्यांच्यापुढे ठेवला. पण ते बोलले तिच्याशी, कारण अडचण यायच्या आधी त्यांच्या दारात आलेली ती कंपनीची एकटीच होती.

पुढे कारखान्याचा आपत्कालीन आराखडा सुधारला गेला, तेव्हा त्या समितीत तिचं नाव आलं. तोवर इतरांनी ठरवलेलं ती लिहून काढायची. आता काय सांगायचं हे ठरवतानाच तिला विचारू लागले. पगार वाढला की नाही हा भाग निराळा. पण जनसंपर्क करणाऱ्याची खरी बढती हीच. मजकूर मागणाऱ्या खोलीतून निर्णय घेणाऱ्या खोलीत जाणं.

ही गोष्ट एका कारखान्याची असली तरी सहकारी बँकेत, रुग्णालयात, महापालिकेच्या माहिती कक्षात, कुठेही लोकांशी बोलायचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. काम थंडावलं की मन धास्तावतं आणि आपण आपल्या गरजेचा पुरावा शोधू लागतो. त्या दिवसांत नवी साधनं जरूर शिकावीत. पण त्याआधी आपली संस्था नेमकं काय करते, त्यातून लोकांचं काय बिघडू शकतं, हे काम करणाऱ्या हातांकडून शिकून घ्यावं. ज्यांच्याशी उद्या बोलावं लागेल त्यांच्याकडे आज, काहीही मागायचं नसताना, जाऊन यावं. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा.

तात्पर्य: शब्द ऐन वेळी सुचतात, माहिती आणि विश्वास मात्र शांत काळातच जमवावे लागतात.