पाडलेल्या भिंतीचा हिशेब

वुजू करताना नळ अकारण वाहू लागला तर आपल्यातील एखादे वडीलधारे लगेच टोकतात. ताटात भाताची शिते उरली तर आई रागावते. हा संस्कार चांगलाच आहे. परंतु तेच कुटुंब साठ वर्षे टिकलेले घर एका दिवसात जेसीबीने भुईसपाट करते, सागवानी तुळया, घडीव दगड आणि कौले यांचा एकच ढीग होतो, रात्री तो ओढ्याकाठी ओतला जातो आणि त्यात कोणालाही इस्राफ दिसत नाही. असे का व्हावे?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला आहे. काही वर्षांपूर्वी मी जेथे इमाम होतो, तेथील जुनी मशीद पाडून नवी बांधायचे ठरले. पाडकामाची मजुरी वाचावी म्हणून सगळा माल ठेकेदाराने न्यावा, असा सौदा झाला. खांब सागाचे होते, एकालाही कीड नव्हती. मी गप्प राहिलो. वास्तविक हा मसला मी मदरशात ‘कुदूरी’ शिकताना पाठ केला होता. वक्फची इमारत ढासळली तर तिचे साहित्य तिच्याच दुरुस्तीत लावावे. तूर्त गरज नसेल तर गरज पडेपर्यंत सांभाळून ठेवावे. ‘हिदाया’मध्ये पुढे असे की, ते पुन्हा जागी बसवणे अशक्य झाले तरच विकावे आणि तो पैसाही दुरुस्तीवरच खर्चावा, लाभार्थ्यांनी वाटून घेऊ नये. (हा हनफी मसला, कोकणातील शाफई वाचकांनी आपल्या आलिमांना विचारावे.)

त्यामागचे कारण मला मसल्याहूनही मोलाचे वाटते. लाभार्थ्याचा हक्क वस्तूच्या उपयोगावर असतो, मूळ वस्तूवर नसतो. तुळई ही मूळ वस्तू आहे.

आपण म्हणाल, ‘मशिदीचे ठीक, पण माझे घर माझ्या मालकीचे आहे.’ खरे आहे. मात्र बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आहे. हजरत मैमूना (रजि.) यांच्या मुक्त दासीला मिळालेली बकरी मेली व टाकून दिली गेली. प्रेषित (स.) तेथून जाताना म्हणाले की, हिच्या कातडीचा उपयोग का केला नाही? ती मेलेली आहे, असे सांगितल्यावर त्यांनी स्पष्ट केले की, निषिद्ध आहे ते तिचे खाणे. बकरी मालकीचीच होती, तरीही विचारणा झाली. ज्या डोंगरातून आपला दगड आला आणि ज्या नदीतून वाळू आली, ते तर आपण निर्माणही केलेले नाहीत.

अडचणी खोट्या नाहीत. चुन्यात बांधलेली वीट सुटी करून साफ करता येते. सिमेंटचा गिलावा विटेपेक्षा घट्ट धरतो, म्हणून वीटच फुटते. हाताने उतरवण्यास दिवस लागतात. परंतु फुटलेलेही वाया जात नाही. भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार एम-25 पर्यंतच्या आरसीसीमध्ये जाड खडीपैकी 20 टक्क्यांपर्यंत खडी जुन्या काँक्रीटची चालते. आपल्या पूर्वजांना तर याची लाज कधीच नव्हती. इ.स. 785 च्या सुमारास सुरू झालेल्या कुर्तुबाच्या मशिदीत रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब वापरले गेले. ते आखूड पडले, म्हणून छत उंच नेण्यासाठी कमानीवर कमान रचली गेली. आज जग ती दुहेरी कमान पाहायला जाते.

तथापि जुना माल नवा म्हणून विकणे ही फसवणूकच होय, धान्याच्या राशीत ओले दाणे खाली दडवणाऱ्या विक्रेत्यावर प्रेषितांनी (स.) किती कडक शब्द योजले, हे आपण जाणता. गंजलेली सळई काटकसर म्हणून छतात घालणे हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे. कुजलेल्याला कुजलेलेच म्हणावे.

येत्या रमजानपूर्वी आमच्या मदरशाची जुनी पडवी उतरवायची आहे. सुतार नऊ दिवस म्हणतो, जेसीबीवाला एक. फरकाची मजुरी जमातीने सोसावी का, यावर इशानंतर दोनदा बैठक झाली. तिसरी येत्या जुम्म्याला आहे. या वेळी मी तुळया स्वतः मोजून वहीत लिहिल्या आहेत. चौदा आहेत, त्यांतील दोन कुजलेल्या.