न झालेल्या गुठळीचा साक्षीदार कोण?

मोठ्या अपघातानंतर पहिली धडपड असते रक्त थांबवण्याची. ते थांबलं की एक-दोन दिवसांत शरीर उलट्या टोकाला जातं आणि रक्त गरजेपेक्षा जास्त गोठू लागतं. पाय हलत नाही, खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात अडकली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

टोरांटोच्या डॉक्टरांनी १९९४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुठळी टाळायचं औषध न मिळालेल्या ३४९ जखमींच्या पायांच्या शिरा तपासल्या होत्या. २०१ जणांमध्ये गुठळ्या सापडल्या. बहुतेकांना कसलाही त्रास जाणवत नव्हता.

मग सगळ्यांनाच औषध द्यावं? पण गुठळी रोखणारं औषध नुकतीच बंद झालेली जखम पुन्हा वाहती करू शकतं. म्हणून प्रश्न उरतो, धोका नेमका कुणाला?

इथे एक जुनी चाचणी कामी येते. हेलमुट हार्टर्ट यांनी १९४८मध्ये मांडलेली थ्रॉम्बोइलास्टोग्राफी. छोट्या कपात थोडंसं रक्त घेतात, कप हलकेच डोलवतात. गुठळी घट्ट होते तशी आतली दांडी ओढली जाते आणि आलेखाची रेघ रुंदावते. ह्यूस्टनमध्ये २०७० जखमींच्या अशा चाचण्या पाहिल्या गेल्या. ही रुंदी ६५ मिलिमीटरच्या वर असलेल्यांमध्ये फुफ्फुसात गुठळी जाण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट निघाली.

साडेतीन पट ऐकून दचकायला होतं. पण त्या २०७० जणांपैकी अशी गुठळी झाली फक्त ५३ जणांना. म्हणजे रेघ रुंद असलेल्यांपैकीही बहुतेकांना ती होत नाही. आकडा गटाबद्दल बोलतो. खाटेवर मात्र एकच माणूस असतो.

आता खरी अडचण. औषध दिलं आणि रक्तस्राव झाला, तर बोट दाखवायला डॉक्टर आहे. औषध दिलं आणि गुठळी टळली, तर आभार मानायला कुणीच येत नाही, कारण काय टळलं हे कुणालाच कळत नाही. औषध दिलंच नाही आणि गुठळी झाली, तर आपण म्हणतो, 'नशीब.' हा हिशेब सरळ नाही. आपल्या हातून घडलेलं नुकसान आपल्याला जड वाटतं आणि आपण घडू दिलेलं हलकं. रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर दोन्हीचं वजन सारखंच असतं.

मला या चाचणीचं मोल इथे वाटतं. ती भविष्य सांगत नाही, पण नशिबाची पळवाट अरुंद करते. रेघ रुंद आहे हे कळल्यावर थांबणं हासुद्धा निर्णय ठरतो आणि त्याचं कारण द्यावं लागतं. कधी ते कारण अगदी योग्य असेल, मेंदूत रक्तस्राव चालू असेल तर थांबणंच शहाणपणाचं. पण ते रुग्णाला किंवा त्याच्या माणसांना सांगता यायला हवं, दोन्ही धोके समोर ठेवून.

मशीन आकडा देतं. तो आकडा कुणाच्या वतीने वाचायचा, हे आपणच ठरवायचं असतं.