फाटकापलीकडचं प्रेम

भेट झालीच नाही, तर प्रेम अपुरं राहिलं का? माकोतो शिनकाई यांच्या २००७ सालच्या ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद’ या ॲनिमेपटाच्या शेवटी नायक ताकाकी रेल्वे फाटकाशी जवळून गेलेल्या बालपणीच्या मैत्रिणीकडे मागे वळून पाहतो. मधून गाड्या धडधडत जातात. त्या गेल्यावर पलीकडे कुणीच नसतं. तो किंचित हसतो आणि चालू लागतो. हे हसू हार मानल्याचं नाही, असं मला ठामपणे वाटतं. त्याचा हक्क सुटला, माया सुटली नाही. वारीतही हेच दिसतं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं मांजरीजवळून लोणी काळभोरकडे जाते. त्या वाटेवरचे कित्येकजण पंढरीला पोचून नुसत्या कळसाला हात जोडून माघारी फिरतात. त्यांची वारी अपुरी म्हणण्याची छाती कुणाची आहे?

कुणी म्हणेल, देवाची ओढ वेगळी, माणसाची वेगळी. पण ज्ञानदेवांच्या विराण्या बोलतात त्या विरहिणीच्या तोंडूनच; माणसाचा विरह हलका असता, तर त्यांनी तो निवडलाच नसता. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: मनातलं न बोलणं म्हणजे प्रेम नव्हे, ती भीतीही असते. ताकाकी मोबाइलवर निरोप लिहितो, पाठवत नाही. तिथे तो चुकतोच. वारकरी मात्र वाटभर नाव घेत चालतो.